थोर कलावंतांचे बालपण आणि आपला चित्रकलावर्ग

पंचवटीतील आपल्या ज्ञातिगृहात दर रविवारी सकाळी मुलामुलींचा चित्रकलेचा वर्ग भरतो, हे बहुतेक सभासद कुटुंबांस विदित आहेच. या वर्गाच्या भिंतींवर जगातील थोर चित्रकारांच्या तसबिरी लावाव्यात आणि दरमहा एकेका कलावंताचे चरित्र मुलांस सांगावे, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. सूचना स्तुत्य आहे. तिच्यासोबत जी नामावली आली आहे तीत लिओनार्दो, मायकेलअँजेलो, व्हॅन गॉग, पिकासो अशी नावे असून आपल्याकडील म्हणून एकट्या राजा रविवर्म्याचे नाव आहे. या थोरांविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि आठ-दहा वर्षांच्या मुलास त्यांचे काय सांगावयाचे, हा प्रश्न नामावलीने सुटत नाही. व्हॅन गॉगचेच पाहा. चित्रकार व्हावयाचे हे त्याने ठरविले ते १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. मुलांच्या ध्यानात राहतो तो मात्र त्याचा कापलेला कान!

जन्म, पदके, मानसन्मान आणि मृत्यू एवढ्यावर रचलेले चरित्र ऐकून मूल फार तर टाळ्या वाजवील. कागदाकडे धाव घेणार नाही. त्या वयात त्याला हवे असते ते निराळेच. हा मनुष्य माझ्याएवढा असताना कशावर चित्र काढीत होता? कशाने काढीत होता? आणि ते पाहून घरची माणसे काय म्हणाली? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या कलावंतांविषयी देता येतात, ते मुलांच्या वर्गास सर्वांत उपयोगी, असे आमचे मत आहे. आणि असे कलावंत शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

जॉर्जो व्हासारी नावाच्या इटालियन चित्रकाराने १५५० साली कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली. तीत जोत्तोची एक गोष्ट आहे. मेंढ्या राखणारा हा पोरगा सपाट दगडावर मेंढीचे चित्र कोरीत बसला असता चिमाबुए हा नामांकित चित्रकार वाटेने जात होता. तो थबकला, आणि मुलाच्या बापाची परवानगी घेऊन त्यास आपला शिष्य करता झाला. ही गोष्ट खरी असण्याविषयी इतिहासकार साशंक आहेत. असो. तिच्यासारख्या गोष्टी आपल्याकडे घडलेल्या आहेत, आणि त्या सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीच्या नाहीत.

त्रावणकोरातील किळिमानूर येथे १८४८ साली जन्मलेले रविवर्मा लहानपणी वाड्याच्या भिंतींवर कोळशाने प्राण्यांची चित्रे काढीत. मामा राजराज वर्मा हे स्वतः चित्रकलेचे जाणकार होते. भाच्याने भिंती काळ्या केल्याबद्दल त्यांनी त्यास शासन केले नाही. उलट त्याच्या शिक्षणाची सोय केली. दुसरी गोष्ट तर आपल्या कोकणातली आहे. अलिबागजवळच्या सासवणे गावी १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. घरात गणपतीच्या मूर्ती घडविण्याची परंपरा होती. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने शिवछत्रपतींचे चित्र रंगविले. कुलाबा जिल्ह्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड दौऱ्यावर असता ते चित्र त्यांच्या दृष्टीस पडले. चौकशी करून त्यांनी मुलास बोलावून घेतले आणि मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत त्याची रवानगी करविली. हाच मुलगा पुढे शिल्पकार करमरकर म्हणून विख्यात झाला. पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांचा. त्याचे अनावरण १९२८ साली झाले. देवळाच्या भिंतीवरचे शिवराय घोड्यावर बसून पुण्यास पोहोचले, असे म्हणावयास हरकत नाही.

करमरकरांची आणखी एक गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. ब्राँझ व संगमरवर हे खर्चाचे पदार्थ. म्हणून उत्तरायुष्यात त्यांनी साध्या सिमेंटमध्ये पुष्कळ शिल्पे केली. सासवण्यास त्यांच्या राहत्या घरीच संग्रहालय आहे. तेथील सिमेंटची म्हैस पाहून लहान मुले तिच्या पाठीवर हात फिरविल्यावाचून राहत नाहीत. आमच्या मुलाजवळ महागडे रंग नाहीत, अशी खंत करणाऱ्या पालकांनीही ती म्हैस एकवार पाहून यावी.

आता थोडे स्पष्ट बोलतो. रविवर्म्यांस मामा लाभला, करमरकरांस कलेक्टर लाभला. दोन्ही ठिकाणी भिंत बिघडली होतीच. पंचवटीत देवळांस आणि भिंतींस तोटा नाही. पण आपल्यापैकी कोणाच्या मुलाने ज्ञातिगृहाच्या नव्या रंग दिलेल्या भिंतीवर कोळसा चालविला, तर आपण आधी चित्र पाहू की आधी कान धरू? थोर कलावंतांच्या चरित्रांतून मुलांनी काय घ्यावे हे ठरविताना पालकांनी त्यांतून काय घ्यावे, याचाही विचार झाला पाहिजे.

नाशिककरांस या बाबतीत परमुलखाकडे पाहण्याचे कारणच नाही. येथून सुमारे ३० किलोमीटरवरील त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. चित्रपटांचे जनक म्हणून दादासाहेबांचे नाव सर्वांच्या मुखी आहे. परंतु ते मुळात चित्रकलेचे विद्यार्थी होते, हे कितीजणांच्या ध्यानी असते? वडील दाजीशास्त्री संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. मुलाने वेदशास्त्राच्या वाटेने जावे, हीच त्या काळची रीत. परंतु १८८५ साली धुंडिराजांनी मुंबईच्या कलाशाळेत नाव घातले. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तेथे त्यांनी तैलरंग, जलरंग, छायाचित्रण, मूर्तिकाम असे नाना विषय हाताळले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श रंगभूमीच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले. नंतर गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय केला, नाटकांचे पडदे रंगविले, जादूचे प्रयोग शिकले, रविवर्म्यांच्या छापखान्यात काम केले, मुद्रणविद्येसाठी जर्मनीस जाऊन आले. एका धंद्यात ठरत नाही, म्हणून लोकांनी नावे ठेवली असतील. पण चित्र, पडदा, छायाचित्र, छपाई आणि जादू या पाचांची बेरीज म्हणजेच चलच्चित्र होय, हे त्यांच्या आयुष्याकडे मागे वळून पाहिले म्हणजे उमगते.

या चरित्रातील मुलांसाठी सर्वांत मोलाचा भाग ‘राजा हरिश्चंद्र’ हा नाही. तो त्याच्या अगोदरचा आहे. १९१२ साली दादासाहेब विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. चित्रपट काढण्यास भांडवल हवे. आणि नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवून भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला आणि कोंब फुटून वेल वाढेपर्यंत ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. ती चित्रे पडद्यावर सलग धावू लागली तेव्हा कित्येक दिवसांची वाढ सुमारे एका मिनिटात डोळ्यांपुढे उभी राहिली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही लहानशी फीत पाहून भांडवल देणारा गृहस्थ पुढे आला. सौभाग्यवती सरस्वतीबाईंनी आपले दागिने तारणास दिले. आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्याच्या मुळाशी काय होते? एक कुंडी, एक वाटाणा, आणि रोज तेच झाड न कंटाळता पाहणारी दृष्टी. ती दृष्टीही चित्रपटाच्या वेडापायी मध्यंतरी काही काळ गेली होती; औषधोपचाराने परत आली.

वर्गातील प्रत्येक मुलाने वाटीभर मातीत एक दाणा पेरावा आणि महिनाभर रोज एक या बेताने त्याची चित्रे काढावीत. तीस चित्रे एकावर एक रचून अंगठ्याने भराभर उलटली की फाळक्यांचा वेल मुलाच्या हातात वाढू लागेल. यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही, आणि दादासाहेबांविषयी एका तासाच्या व्याख्यानाने जे कळणार नाही ते अंगठ्यास कळेल.

१९१३ सालीच दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकास हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’ हे चित्रपट त्यांनी नाशकात राहून काढले. १९१९ सालच्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात बालकृष्णाची भूमिका त्यांच्या कन्या मंदाकिनी यांनी केली. या चित्रपटाच्या आरंभी ही चिमुरडी मुलगी केवळ मुद्रेने राग, हर्ष, भय असे भाव दाखविते, आणि मग कृष्णाच्या वेषात प्रकटते. चेहरे काढताना सर्वांस एकच स्मित देणाऱ्या आपल्या मुलांस तो भाग अवश्य दाखवावा. सुदैवाने तो उपलब्ध आहे. फाळक्यांचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी याच नाशकात ते निवर्तले तेव्हा त्यांच्यापाशी ना कारखाना होता ना पैसा. हेही मुलांपासून दडवू नये. चित्रकलेने पोट भरते काय, असा प्रश्न पालक विचारतात तेव्हा त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, हे या एका आयुष्यावरून दिसते. दुसऱ्या बाजूस रावबहादूर धुरंधर आहेत. त्यांनी मुंबईच्या कलाशाळेत जवळजवळ सारी हयात सन्मानाने अध्यापन केले. त्यांच्या कन्या अंबिकाबाईंनी १९३१ साली तेथील पदविका मिळविली. मुलीस चित्रकलेत पुढे कशाला धाडावयाचे, असे म्हणणाऱ्या घरांनी हे साल टिपून ठेवावे.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे आणखी एक नाव. ते शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार होते. १९३१ साली निवर्तले. कोटितीर्थाच्या तळ्याकाठी त्यांचे वास्तव्य असे. तेच पाणी, तीच झाडे, तोच काठ. पण पहाटेचे निराळे, दुपारचे निराळे, ढगांतले निराळे. फ्रान्समध्ये क्लोद मोने याने गवताच्या गंजींची अशीच चित्रमालिका काढून १८९१ साली लोकांपुढे मांडली. या दोघांची गाठभेट असण्याचा संभवच नव्हता. एकच वस्तू पुनःपुन्हा पाहिली असता ती एकच राहत नाही, हे एकाला फ्रान्सच्या शेतात कळले, दुसऱ्याला करवीरच्या तळ्यावर.

आपल्यापाशी तर प्रत्यक्ष गोदावरी आहे. नाशिकचे निसर्गचित्रकार कै. शिवाजी तुपे यांनी हा घाट, ही देवळे, ही वर्दळ आपल्या जलरंगांत आणली. दुतोंड्या मारुतीपासून मुलांनी आरंभ करावा. चैत्रात त्याच्या पायाशी माणसे बसलेली असतात. श्रावणात पाणी त्याच्या कमरेला लागले की साऱ्या शहरात पूर किती आला याची चर्चा त्याच मापाने चालते. एकच मारुती वर्षातून चार वेळा काढला तर नदीचे वर्ष चार कागदांवर उतरेल. आबालाल कोण होते हे मग सांगावे; आधी नव्हे.

येथे एका चुकीची दुरुस्ती करणे इतिहासाच्या दृष्टीने अवश्य आहे. हाताच्या आडोशाने समई जपत उभी असलेली, तिच्या प्रकाशाने मुख उजळलेली स्त्री, हे चित्र आपल्या अनेक घरांत दिनदर्शिकेच्या वा तसबिरीच्या रूपाने असते, आणि ते रविवर्म्याचे म्हणून सांगितले जाते. ते रविवर्म्याचे नव्हे. रविवर्मा १९०६ सालीच दिवंगत झाले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे असून सावंतवाडीस १८८२ साली जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. ते जलरंगांत केलेले आहे, हे समजल्यावर तर जाणते चित्रकारही पुन्हा एकदा निरखून पाहतात, कारण जलरंगांत चुकीस क्षमा नसते. दिवाळीत आपली मुलगी दिवा घेऊन उभी असलेली पाहून हळदणकरांस हे चित्र सुचले. घरातली मुलगी, घरातला दिवा! वर्गाच्या भिंतीवर एकच तसबीर लावावयाची असेल तर ही लावावी. मात्र खाली नाव बरोबर लिहावे.

ज्यांची नावे कोणीच लिहिली नाहीत असेही कलावंत आपल्या शेजारी आहेत. त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांस आपण पांडवलेणी म्हणतो. वस्तुतः ती सातवाहन आणि क्षत्रप काळातील बौद्ध लेणी होत. एकूण २४. त्यांतील तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली पाहा: अर्धे जमिनीबाहेर आलेले सहा बलदंड यक्ष साऱ्या ओसरीचा भार खांद्यावर तोलून आहेत. या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या मातेचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. अठराव्या लेण्याच्या दर्शनी भागी नाशिककरांच्या धंभिक गावाने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. आपल्या नगरीचे नाव इतक्या जुन्या दगडावर कोरलेले पाहून कोणाही नाशिककराचा ऊर भरून यावा. राजाचे नाव आहे, मातेचे आहे, दात्या गावाचे आहे. ज्याने छिन्नी चालविली त्याचे मात्र नाही. मुलांनी त्या सहा यक्षांपुढे बसून त्यांचे खांदे काढावेत. भार वाहणारा खांदा कसा दिसतो हे शिकण्यास याहून चांगली शाळा नाशकात आम्हांस ठाऊक नाही.

पाहून काढण्यास आमचा विरोध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील पुष्कळ पुढे लंडनमधील आगीत जळाल्या. पण त्या करताना त्या विद्यार्थ्यांच्या हातास जे वळण लागले ते जळाले नाही. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्या कामातूनच पुढे आले. मूळ चित्रापुढे बसून रेषेचा शोध घेत केलेली प्रतिकृती ही साधना आहे. छापील पुस्तकातील मोर चौकटी आखून उतरविणे हे निराळे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांच्या श्रेणीमुळे शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळतात, म्हणून कित्येक पालक मुलांस वर्गास धाडतात. त्यांस दोष देत नाही; गुणांची गरज कोणास नसते? परंतु व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक याने १८९७ साली केवळ मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग काढला, तेव्हा मुलाच्या चित्रावर मोठ्यांनी हात फिरवू नये हा दंडक त्याने घातला होता. आपल्या वर्गात आई-बाप मुलाच्या हातातला ब्रश घेऊन आकाश नीट करून देतात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

शेवटी एक नाजूक विषय. हा वर्ग ज्ञातीच्या निधीतून चालतो; म्हणून तो ज्ञातीच्याच मुलांपुरता असावा, असे एक मत आहे. आम्ही ते मानीत नाही, आणि कारण इतिहासातच आहे. वर ज्यांची नावे आली त्यांच्याकडे पुन्हा पाहावे. रविवर्मा राजघराण्याशी संबंधित, फाळके शास्त्र्याचे चिरंजीव, आबालाल मुसलमान, पेस्तनजी पारशी. त्यांच्या जोडीस कोल्हापूरचे बाबूराव पेंटर घ्यावेत: मूळ आडनाव मेस्त्री, घराणे कारागिराचे, नाटकांचे पडदे रंगविता रंगविता त्यांनी स्वदेशी कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद गोमंतकातील ख्रिस्ती. या मंडळींच्या हाती ज्याने प्रथम खडू दिला त्याने ज्ञात विचारली असती, तर ही नामावली किती तोकडी झाली असती!

शिवाय हा वर्ग भरतो तो पंचवटीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या पाषाणात बांधविलेले काळारामाचे मंदिर येथून हाकेच्या अंतरावर आहे. मुले त्याच्या खांबांची आणि शिखराची चित्रे काढण्यास जातात. याच मंदिराच्या दारी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला; दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिककरांनी तो नेटाने चालविला; पाच वर्षे झाली तरी दार उघडले नाही. ते शिखर काढणाऱ्या मुलास हा इतिहास ठाऊक असलाच पाहिजे. आपल्या गल्लीतील भाजीवाल्या बाईंचा मुलगा गेल्या पावसाळ्यात तीन रविवार खिडकीबाहेर उभा राहून वर्ग पाहत होता. चौथ्या रविवारी तो आला नाही.

यंदाच्या वार्षिक सभेपुढे आम्ही दोन ठराव मांडीत आहोत. पहिला, चित्रकलावर्गास ज्ञातीची अट नसावी आणि शुल्क देण्याची ऐपत नसलेल्या मुलांचा कागद-रंगांचा खर्च निधीतून व्हावा. दुसरा, ज्ञातिगृहाच्या मागील अंगणाची भिंत दरवर्षी दसऱ्यापूर्वी चुन्याने पांढरी करून मुलांच्या स्वाधीन करावी. तिच्यावर त्यांनी काय काढावे याविषयी कार्यकारी मंडळाने वा पालकांनी कोणतीही सूचना करू नये. चुना, कुंचले आणि मजुरी यांचा पहिल्या वर्षाचा खर्च प्रस्तुत लेखक देईल. कोळसा ज्याने त्याने घरून आणावा.